तिसऱ्या खेपेचा हिरवा

रंग जुळवणं हा माझा धंदा होता असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर का?" पूर्वी मला राग यायचा. आता मी "हो, पण बादल्यांचं" असं सांगते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसते. निवृत्त झाल्यावर करमणुकीची साधनं कमी होतात, आहेत ती जपावी लागतात.

वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात आमचा छोटा कारखाना होता. प्लास्टिकची बादली, खुर्ची, कुंडी, डबा हे सगळं मुळात दुधाळ पांढऱ्या दाण्यांपासून बनतं. त्यात आमच्याकडचे रंगाचे दाणे मूठभर मिसळले की अख्खी खुर्ची रंगते. गिऱ्हाईक नमुना घेऊन यायचं, "असाच रंग पाहिजे" म्हणायचं. मी पावडरी मिसळून, गरम दाबयंत्रात त्याची बिस्किटाएवढी चकती पाडायची. तिला आम्ही चिप म्हणायचो. ती नमुन्याशेजारी ठेवायची, बघायची, पुन्हा मिसळायची. जुळली की मालकांना दाखवायची, त्यांनी मान हलवली की त्या रंगाचे दाणे पाडायचं मशीन सुरू. पंचवीसेक वर्षं मी पोटासाठी फक्त बघत होते. एवढ्या सरळ कामाचे पैसे मिळतात यावर माझ्या सासूबाईंचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

नमुने म्हणाल तर एकेक अजब. एकाने बायकोच्या नेलपॉलिशची बाटली आणली होती आणि ती दुपारपर्यंत परत हवी होती, कारण बायकोला ठाऊक नव्हतं. एका डबेवाल्या कारखानदाराला "आमच्या जुन्या डब्यासारखा निळा" पाहिजे होता. डबा कुठाय विचारलं तर म्हणाला, "तो फुटला म्हणून तर आलो." आणि गिरीजचे बस्त्यावभाऊ, त्यांचा मंडप-खुर्च्यांचा धंदा, त्यांनी चक्क केळीचं पान आणलं. आपल्या वाडीतलं, ताजं, गुंडाळून काखेत धरलेलं.

"सणाला नवीन खुर्च्या काढायच्या आहेत, बाई. आमच्या चर्चच्या अंगणात मांडणार. हा रंग पाहिजे."

"पानाच्या वरचा की खालचा?"

"दोन्ही नाही. सकाळी वाडीत ऊन पानातून आरपार येतं ना, तेव्हाचा."

मी पान उन्हाकडे धरलं. खरंच सुरेख होता. पण पान हा नमुना म्हणून अत्यंत बेइमान पदार्थ. मी पहिली चिप पाडेपर्यंत ते मलूल झालं, दुसऱ्या दिवशी कडेने पिवळं पडलं. बस्त्यावभाऊ बिचारे रोज सकाळी नवं पान आणून द्यायचे. आठवड्याने मला तो हिरवा सापडला. बाजारातली मंडळी त्याच्या बदल्यात पोपटी देऊन मोकळी झाली असती. मी नाही दिला. त्याचा मला अजूनही गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता मालकांविषयी. किरीटशेठ वसईतच जन्मलेले, वडिलांनी हा धंदा काढलेला. कायम पांढरा शर्ट, पांढरी पँट. माणूस बोलायला गोड, पगाराला वक्तशीर, आणि चिप पसंत करण्याच्या बाबतीत महाखट. पहिली चिप त्यांना कधीच पसंत पडली नाही. हातात घ्यायची, अंगठ्याने चोळायची, तोंड वाकडं करायचं. "नाय बाई, अजून थोडा पाहिजे." काय थोडा, ते सांगायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला, "हां, जवळ आला." तिसऱ्या खेपेला मान हलायची. "आता आला बघा!"

सुरुवातीला मी जीव तोडून तीनदा चिप पाडायची, दर खेपेला आधीपेक्षा जास्त वेळ नमुन्याशी ताडून मगच आत न्यायची. मग एकदा कंटाळून तीच चिप पुन्हा नेली. "हां, जवळ आला," शेठ म्हणाले. मी बाहेर येऊन मशीनवरच्या हरेश्वर पाटीलना हे सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पाटील आमचे सगळ्यात जुने कामगार, खाडीकडच्या गावचे, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारे. त्या दिवसापासून मी एकच चिप पाडायची, तीच तीनदा आत न्यायची, मधल्या वेळात चहा प्यायची. मी परत निघाले की पाटील डोळे मिचकावून विचारायचे, "काय बाई, आला का जवल?" आमचं हे नाटक वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

या सगळ्यात विद्यापीठ कुठून आलं, तर लेकीचं लग्न झाल्यावर. घरात नवऱ्याला क्रिकेट होतं, मला काहीच नव्हतं. मी मूळची बी.ए., कारखान्यात शिरले ती टायपिस्ट म्हणून, रंगात पडले ती अपघाताने. एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, शनिवार-रविवारचे वर्ग. त्यात एक पेपर होता कला आणि संवेदनाचा. म्हणजे आपण बघतो तेव्हा नेमकं काय घडतं, आणि सुंदर म्हणतो ते कशाला. मला वाटलं, हा तर आपलाच पेपर, अभ्यास न करता पास होऊ. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं बघण्याचा पगार घेतलास, आता बघण्याची फी भरतेयस." त्याला आयुष्यात क्वचित विनोद सुचतो, त्यामुळे मी तो विसरलेले नाही.

वर्गात सगळी पंचविशीतली मुलं, मला काकू म्हणायची. शिकवायला देवयानी मॅडम, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर टोमॅटो ठेवला आणि विचारलं, "लाल रंग कुठे आहे? टोमॅटोत की तुमच्यात?"

मी हात वर केला. "मॅडम, आधी ट्यूबलाइट कोणती आहे ते सांगा."

वर्ग हसला, पण मी गंमत करत नव्हते. दुकानात ट्यूबखाली जुळलेलं ब्लाउजपीस बाहेर उन्हात नेलं की साडीशी भांडतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून तर आपण कापड घेऊन दुकानाच्या दारात जातो आणि दुकानदार वैतागतो. आमच्या धंद्यात त्यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची एक पेटीच असते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान. म्हणजे ऊन खरं आणि ट्यूब खोटी? हे कोणी ठरवलं?" परतीच्या वाटेवर मी मनात मॅडमशी भांडत राहिले, आणि पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी जाऊन बसले.

एकदा आम्हाला चित्रप्रदर्शनाला नेलं. सौंदर्य बघायचं तर आपला फायदा-तोटा, उपयोग, मालकी सगळं विसरून बघायला हवं, असा एक मोठा विचार तेव्हा शिकायला होता. मी एका निळ्या चित्रापुढे अर्धा तास उभी राहिले. मॅडमनी मोठ्या आशेने विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "हा निळा स्वस्तातला आहे, दोन पावसाळ्यांत उडेल." त्यांनी कपाळाला हात लावला. कारखान्यात मात्र उलटं व्हायला लागलं. पाटीलनी विचारावं, "बाई, जुललं का?" आणि मी म्हणावं, "कोणाच्या दृष्टीने?" दोन-तीनदा असं झाल्यावर पाटील म्हणाले, "बाई, तुमचा कालेज सुटंल तवा सांगा, तोपर्यंत मी मशीन बंद ठेवतो."

वर्गात प्रत्येकाने एक निबंध वाचून दाखवायचा होता. मी आमचं तीन खेपांचं नाटक लिहिलं. नाव न घेता एक मालक, एक चिप, तीन पसंत्या. सिद्धान्त असा मांडला की माणूस डोळ्यांनी बघतच नाही, अपेक्षेने बघतो. तिसरी चिप चांगली असणार असं शेठना वाटतं म्हणून ती चांगली दिसते. पोरं खो खो हसली, टाळ्या पडल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"काकू, त्यांना तिसऱ्या वेळी रंग वेगळा दिसतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते म्हणतात ना, आता आला."

"म्हणतात हे कळलं. दिसतं हे कसं कळलं? त्यांना मुळात रंग दिसतो, हे तरी कशावरून?"

हा मला तत्त्वज्ञानवाल्यांचा नेहमीचा आगाऊपणा वाटला. पुढच्या तासाला त्यांनी रंगीत ठिपक्यांचे तक्ते आणले. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळतो त्याला ठिपक्यांत आकडा दिसतो, नाही त्याला नुसते ठिपके. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाला आकडा दिसला नाही, आणि हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तो मजेत जगला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, पण माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग माझी परीक्षा आली. नेमका त्याच दिवशी बस्त्यावभाऊंचा हिरवा मशीनवर लागायचा होता. चिप पसंत झालेली होती, सगळं मिसळून ठेवलेलं होतं, पाटील होते, म्हणून मी निर्धास्त सुट्टी घेतली. प्रश्न आला, "रंग वस्तूत असतो की बघणाऱ्यात?" मी पुरवणीवर पुरवणी लावली.

इकडे वालीवला काय झालं ते मला दुसऱ्या आठवड्यात कळलं, आमचे दाणे घालून सातिवलीच्या खुर्च्यांच्या कारखान्यातून खुर्च्या बनून आल्यावर. बस्त्यावभाऊ एक खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आले आणि त्यांनी ती आमच्या दारात आपटली.

"बाई, हे काय? सणाला लोकांना शेणावर बसवू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. खुर्चीचा रंग वाळल्या शेणाचाच होता, फार तर सुकल्या पाल्याचा म्हणा. मी एका नजरेत ओळखलं. आधीच्या दिवशी मशीनवर बादल्यांचा लाल होता. एक रंग संपला की मशीनमधून नुसते पांढरे दाणे चालवून पोट धुऊन काढावं लागतं. ते पुरतं धुतलं नव्हतं, हिरव्यात लाल मिसळला होता. हिरव्यात लाल गेला की सगळ्याची माती होते.

"पाटील कुठायत?" मी विचारलं.

मशीनवरच्या पोरांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर सातिवलीहून फोन आला, तसं शेठनी पाटीलना सगळ्या कामगारांसमोर उभं करून झापलं होतं. मशीन न धुता चालवलं, वर खोटं बोलतो. पाटील म्हणत होते, पहिले दाणे पडले तसे ओंजळीत घेऊन मी शेठच्या केबिनमध्ये गेलो होतो. लाल उतरला नाही, अजून धुऊ का, असं विचारलं होतं. शेठ म्हणाले होते, बरोबर आहे, चालव, टेम्पो थांबलाय. शेठ म्हणत होते, मला दाखवले ते दाणे स्वच्छ हिरवे होते, हा तासाभराचा ओव्हरटाइम मिळवायला बघत होता. ओंजळीतले दाणे परत पोत्यात गेले, आता साक्षीला कोण? उद्यापासून येऊ नको, असं शेठनी सांगितलं होतं.

पाटील गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. रोजच्या वेळेला घरून निघाले होते, कारण घरी सांगितलं नव्हतं.

"बाई, नोकरीचं काय नाय," ते म्हणाले. "भात हाय, मुलगा कमावता हाय. पन सगल्या पोरांसमोर मना खोटा बोलला. मी पानी भरलं त्या मशीनला इतकी वर्सं, एकदा खोटा बोललो का? मी दाने दाखवले, बाई. त्याच्या नाकासमोर धरले."

"माझा विश्वास आहे, दादा."

"तुमचा असून काय करू? त्याला दिसलं नाय का?"

तो प्रश्न त्यांनी रागाने विचारला होता. मी मात्र टपरीवर उभी राहिले ती राहिलेच. कायम पांढरे कपडे. केबिनमध्ये केळी आली की "पिकली काय बघा बाई" म्हणून मला विचारणं. "अजून थोडा पाहिजे" म्हणणं आणि काय थोडा ते कधीच न सांगणं. देवयानी मॅडमनी चार महिन्यांपूर्वी विचारलेला तो आगाऊ प्रश्न. इतकी वर्षं बघण्याचा पगार घेतला आणि समोरचा माणूस मला दिसला नव्हता.

तरी खात्री हवी. मी तीन चिपा पाडल्या. एक कुंडीच्या विटकरी रंगाची, एक त्या खुर्चीसारखी मातकट, आणि एक पुन्हा विटकरी. फक्त तिघींचा फिकेपणा केळीच्या हिरव्याइतकाच ठेवला, म्हणजे गडद-फिक्यावरून ओळखायची सोय नको. हे काम मी मन लावून केलं. एखाद्याला पकडण्यासाठी इतका सुरेख रंग मी पूर्वी कधी पाडला नव्हता.

आत गेले. "शेठ, बस्त्यावभाऊंचा हिरवा नव्याने केलाय." विटकरी चिप दिली. त्यांनी अंगठ्याने चोळली. "नाय बाई, अजून थोडा पाहिजे." थोड्या वेळाने मातकट नेली. "हां, जवळ आला." मग पहिल्यासारखीच विटकरी. त्यांनी ती हातात फिरवली, चेहरा खुलला.

"आता आला बघा! एकदम केळीचा पान."

मला वाटलं होतं मी जिंकल्यासारखी हसेन. तसं झालं नाही. मी केबिनचं दार लोटलं आणि म्हटलं, "शेठ, ही कुंडी आहे."

त्यांनी चिप टेबलावर पालथी ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाला बोलल्या?"

"कोणालाच नाही."

"शाळेत चित्र काढलेला झाडाचा," ते म्हणाले. "खोड हिरवा, पाने चॉकलेटी. मास्तरने कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. तेव्हा समजला. बापाचा धंदा रंगाचा, आणि पोरगा असा. बापाला पण कधी नाय बोललो. बाजारात समजला तर उद्या कोण येईल बाई माझ्याकडे? आंधळ्याकडे चष्मा घ्यायला कोण जाते?"

झाकली मूठ त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी भयंकर संतापही आला.

"म्हणून पाटीलना खोटं पाडलंत? ते ओरडून सांगत होते लाल उतरला नाही."

"मला दोन्ही सारखाच दिसते, बाई. मला वाटला ओव्हरटाइमसाठी बोलते. मग खुर्च्या आल्या, सगळे बोलायला लागले शेण, शेण, तेव्हा समजला. तोवर मी त्याला बोलून गेलो होतो. मागे कसा येऊ?"

आता खरं बोलायचाच दिवस होता, तर मीही माझं सांगून टाकलं. तीच एक चिप तीनदा, मधे चहा. शेठ चक्क हसले.

"मालूम होता."

"काय?"

"पहिल्या वेळी चिप गरम असते. दुसऱ्या वेळी कोमट. तिसऱ्या वेळी थंड. बापाने एकच गोष्ट शिकवलेली, गरम चिपला कधी हो बोलायचा नाय, थंड झाल्यावर रंग बदलते. मला रंग समजत नाय, पण गरम-थंड समजते. थंड झाली की हो बोलायचा. रंग तर तुम्ही बराबरच करणार, एवढा मला माहीत होता."

बापाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गरम प्लास्टिकचा लाल, केशरी वेगळा दिसतो, निवल्यावरच खरा कळतो. मी ज्या निबंधावर टाळ्या घेतल्या होत्या त्याचं बूड त्या क्षणी निघालं. शेठ अपेक्षेनेही बघत नव्हते आणि डोळ्यांनीही. ते बोटांनी बघत होते, आणि माझ्यावर विसंबून होते. त्या विश्वासावर मी आणि पाटील वर्षानुवर्षं हसत आलो होतो. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही एवढा शिकता. एक सांगा. हिरवा कसा असते?"

"हिरवा म्हणजे... डोळ्यांना थंड. पानासारखा."

"पान मला पण दिसते."

"म्हणजे पिवळा आणि निळा यांच्या मधला..." मी थांबले. रंग वस्तूत असतो की बघणाऱ्यात यावर पुरवण्या भरून आलेली बाई मी, मला पुढे एक शब्द सुचेना. "नाही सांगता येत, शेठ."

"कोणालाच नाय येत," ते म्हणाले. "बायकोला पण विचारला होता."

मग ते धंद्याच्या भाषेत आले. पाटीलना परत बोलवा. सगळ्यांना सांगू, शेठच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून घोटाळा झाला. दाणे फुकट बदलून देऊ, खुर्च्या पुन्हा काढू, सणाच्या आत. मला ते पटलं. मी टपरीवर धावत गेले आणि चष्म्याची गोष्ट पाटीलना सांगितली. शेठचं गुपित मी फोडलं नाही.

पाटीलनी ऐकून घेतलं. "चस्म्याचं नाय, बाई. मी खरा बोललो, येवढंच त्यानं सगल्यांसमोर बोलावं. ते बोलला तर मी येतो. नाय तर मी गावाला."

"अहो, पण पगार, फंड..."

"नाय."

मी परत आत. शेठनी ऐकलं, उठले आणि केबिनबाहेर निघाले. मशीनच्या आवाजात काही ऐकू जाणार नाही म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबून मशीन बंद केलं. कामगार गोळा झाले. पाटील दाराशी येऊन उभे राहिले, आत पाऊल न टाकता. बाहेर टेम्पोत माल चढवणारी माणसं थांबून बघायला लागली. मला धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. "पाटील खरं बोलला" म्हटलं की कोणीतरी विचारणारच, मग तुम्हाला कसं दिसलं नाही? आणि चष्म्याचं सांगितलं तर पाटील मागे वळणार.

"पाटीलने त्या दिवशी मला दाणे दाखवले," शेठ म्हणाले. "लाल उतरला नाय, असा बोलला. तो खरा बोलला. मी त्याला खोटा पाडला." मग चष्मा काढून हातात धरला. "चष्म्याचा काय नाय. मला लाल आणि हिरवा..."

"ओ शेठ!" पाटील दारातून ओरडले आणि तरातरा आत आले. बाहेरच्या टेम्पोवाल्यांच्या आणि शेठच्या मधे उभे राहिले. "झालं, झालं. येवढंच पायजेल होतं. आता बाकीचं आत बोला, बाहेर लोकं हायत."

पाटीलना काय कळलं होतं आणि किती, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. वाक्य अर्धंच राहिलं होतं, पण ज्याने ओंजळ नाकासमोर धरली होती त्याला अर्धं पुरलं असावं. ते पोरांवर खेकसले, "काय बघता? पांढरे दाने आना, मशीन धुवायचाय."

त्यांनी मशीन धुतलं ते असं धुतलं की मलाच म्हणावं लागलं, दादा, पुरे. मग केळीचा हिरवा लावला. बस्त्यावभाऊ ताजं पान घेऊन कोपऱ्यात स्टुलावर बसून होते, आज हलणार नाही असं सांगून. दाणे पडायला लागले. पाटीलनी ओंजळ भरून घेतली, आधी उन्हात जाऊन पाहिली, मग माझ्याकडे न येता सरळ केबिनच्या दाराशी गेले.

शेठ बाहेर आले. पाटीलनी ओंजळ पुढे केली आणि बाकी कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "हिरवा हाय, शेठ. चांगला हाय."

शेठनी दोन बोटांनी दाणे चाचपले, पाटीलकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालव."